एकतीस नंबरचा सांधा

शेवटचं विमान शनिवारी जाणार होतं, आणि सोमवारपासून हेमलता दराडेला कुणी धड काम करू दिलं नव्हतं.

सोमवारी हँगरच्या जमिनीवर पांढरे पट्टे मारले. मंगळवारी ते पट्टे पाहुण्यांच्या गाडीच्या आड येतात म्हणून खरवडून काढले. बुधवारी हाराची रंगीत तालीम ठेवली. विमानाच्या नाकाला पंचवीस फुटांचा झेंडूचा हार घालायचा होता, आणि तो हेमलताने घालायचा असं वरून ठरलं होतं. साडी नेसून, शिडीवर चढून.

"बावीस वर्षं मी पँट घालून चढले," ती समारंभ समितीच्या माणसाला म्हणाली. "पडले नाही. आता फोटोसाठी पडू का?"

"मॅडम, खाली दोन माणसं धरायला असतील."

"मला धरायला की शिडीला?"

त्याने ते वहीत लिहून घेतलं. हेमलताने कपाळावर हात मारला.

सिन्नरच्या माळावरचा हा कारखाना त्रिविक्रम एरोस्पेसचा. इथे 'वृषभ' बनायचं. लष्कराचं मालवाहू विमान, चार पंख्यांचं, पोट मोठं, दिसायला बेढब, पण खडबडीत धावपट्टीवरही उतरणारं. आजवर एकशे त्रेसष्ट बनली होती. एकशे चौसष्टावं रंग लावून उभं होतं आणि त्याच्यानंतर एकही बनणार नव्हतं. वैमानिकाशिवाय उडणारी छोटी मालवाहू यानं आता डझनांनी निघत होती. ती पडली तरी माणूस मरत नव्हता, त्यामुळे सरकारला ती आवडत होती. उडती वृषभं मात्र अजून तीस वर्षं उडणार होती. नवीन बनवायचं नाही, पण जुनं तीस वर्षं दुरुस्त करत राहायचं. मग बनवणारी माणसं घरी गेल्यावर दुरुस्ती कुणाच्या हाताने करायची?

त्यावरचा तोडगा म्हणजे कौशल्यप्रत.

सहा वर्षांपूर्वी कंपनीने निवडक बारा कारागिरांना हातमोजे दिले. दिसायला साधे, पण आत केसासारख्या बारीक तारा विणलेल्या. बोट किती दाबलं, मनगट कुठे वळलं, पत्र्यातून हाताला किती कंप आला, पत्रे जोडणारं रिव्हेट बसताना आवाज कसा झाला, हे सगळं त्या टिपायच्या. सोबत कारागीर काम करताना जे बोलेल तेही. सहा वर्षांत साठ विमानांचं काम असं जमा झालं, आणि त्यावरून यंत्र शिकलं. नियम कुणी लिहून दिले नाहीत. धातूकडून असा इशारा आला की हाताने असं करायचं, अशी लाखो उदाहरणं बघून ते स्वतःच तयार झालं. मग दुरुस्तीच्या तळांवर यांत्रिक हात बसवले आणि त्यांत ही प्रत भरली. पंख आणि धड जिथे जुळतात तिथल्या जोडकामासाठी बाराजणांतून हेमलताचीच प्रत निवडली गेली. ती तिच्यासारखं काम करायची आणि तिच्याच आवाजात बोलायची. कारखान्यात तिला सगळे 'दुसरी बाई' म्हणायचे.

हेमलताचे यजमान उत्तमराव यांना ती फार आवडायची. त्यांचं सिन्नरच्या पेठेत मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. तपासणीसाठी म्हणून प्रत हेमलताच्या टॅबमध्ये घातलेली होती, आणि उत्तमराव जेवताना टॅब समोर ठेवून तिला पंप का तापतो वगैरे विचारत बसायचे.

"ती दोनदा सांगते," ते म्हणायचे. "तू एकदा सांगतेस आणि चिडतेस."

"मग तिच्याच हातची भाकरी खा."

हार शिडीवरून तिसऱ्यांदा खाली पडला तेव्हा हेमलताचा फोन वाजला. आसामातल्या दुरुस्ती तळावरून वॉरंट ऑफिसर शिंत्रे बोलत होते. माणूस बेळगावचा. हेमलताशी त्यांची ओळख फोनवरचीच, पण चार वर्षांची.

"ताई, एक विचारू काय? तुमची ती दुसरी बाई एकतीस नंबरच्या सांध्याला पहिलं रिव्हेट मारायच्या आधी पत्रा आत दाबून धरती. तीन आकडे मोजून. मग मारती. कशाला?"

"पत्रा बसायला."

"पण डावीकडंच दाबती. उजवीकडं नाही दाबत. विमान दोन्हीकडनं सारखंच आहे की."

शिडी धरलेली दोन माणसं तिच्याकडे बघत होती.

"तिला विचारलंत का?"

"विचारलं. म्हणती, बावीस वर्षं असंच करतेय, मला शिकवू नका. म्हणून तर तुम्हाला फोन केला."

"बघून सांगते," हेमलता म्हणाली आणि हार तसाच टाकून निघाली. समितीचा माणूस मागून ओरडत राहिला.

ट्रेनिंग रूममध्ये बसून तिने टॅब उघडला. "एकतीसला डावीकडे का दाबतेस?"

"असंच करायचं असतं," टॅबमधून तिचाच आवाज आला.

"का, ते विचारतेय मी."

"हाताला कळतं. सगळंच काय तोंडाने सांगायचं?"

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे गरज नाही. बावीस वर्षं काय झक मारली का मी?"

काय उद्धट बाई आहे, हेमलताच्या मनात आलं. पुढच्याच क्षणी तिला आठवलं की हे शेवटचं वाक्य ती स्वतः आठवड्यातून दोनदा तरी म्हणते. तिने टॅब पालथा घातला, डोळे मिटले आणि रिकाम्या टेबलावर हातांनी एकतीसचा सांधा जोडायला सुरुवात केली. उजवा हात हत्यार धरल्यासारखा वर आला. डावा तळवा पुढे गेला, दाबला, आणि तिथेच थांबला. एक, दोन, तीन. हात बरोबर करत होते. त्यांना विचारून उपयोग नव्हता.

डावीकडेच. डावीकडे काय आहे? खिडक्या आहेत. खिडक्यांच्या बाहेर विजेच्या केबलचा चर आहे.

मग तिला आठवलं.

पंखाचा मधला पेटारा ज्या लोखंडी सांगाड्यात धरून जोडतात, त्याला जिग म्हणतात. नऊ मीटर लांब, दोन मजले उंच. विमान सरळ निघतं ते जिग सरळ असतो म्हणून. अकरा वर्षांपूर्वी खिडकीबाहेर जाडजूड केबलसाठी चर खणला होता. त्यानंतर महिन्याभराने डावीकडचे पत्रे नीट बसेनात. हेमलताने तेव्हाच्या सुपरवायझरला सांगितलं होतं की जिगचा डावा पाय खचलाय. तो म्हणाला, जिग उघडून बसवायचा म्हणजे लाइन सहा आठवडे बंद, कुणाच्या बापाने परवानगी द्यायची, जरा दाबून घ्या. तिने दाबून घेतलं. विमानं मापात उतरली. त्या वर्षी तिला उत्कृष्ट कामगार म्हणून ढाल मिळाली. पुढे तो सुपरवायझर दुसरीकडे गेला, आणि दाबणं हाताच्या इतकं अंगवळणी पडलं की तिच्या डोक्यातूनही गेलं.

इथे ते दाबणं बरोबरच होतं. वाकड्या जिगची चूक ते भरून काढत होतं. पण आसामात दुरुस्तीसाठी विमान धरायचा सांगाडा सरळ होता. तिथे तेच दाबणं म्हणजे सरळ पत्रा वाकवून, वाकलेला असतानाच कायमचा जखडून टाकणं. वर विमान दर उड्डाणाला पंख वाकवणार, दर उतरण्याला सोडणार. बारीक तार हातात घेऊन पुढेमागे करत राहिलं की ती एका ठिकाणी तुटते, तसं त्या रिव्हेटच्या भोकापासून पत्रा चिरत जाणार.

आणि प्रतीला हे कळायचा मार्गच नव्हता. पत्रा जाड असला तर हेमलता जोर वाढवायची, थंडीत कमी करायची. ते बदल पाहून यंत्र कारणं शिकलं होतं. पण साठच्या साठ विमानांना जी गोष्ट तिने एकसारखी केली, तिचं कारण यंत्राने कुठून शोधावं? त्याच्या लेखी तो तिच्या कौशल्याचाच भाग होता.

तिने शिंत्र्यांना फोन लावला. "एकतीस नंबरची दुरुस्ती किती विमानांची झाली?"

"अकरा. हे काम फक्त आमच्याच तळावर होतं."

"आता बाराव्याला हात लावू देऊ नका. मी उद्या सांगते."

प्रभुणे साहेब उत्पादन प्रमुख होते. माणूस वाईट नव्हता. पण त्या आठवड्यात त्यांच्याकडे माणूस म्हणून फारसं काही उरलं नव्हतं. हेमलताने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"मोजून घ्या जिग. वाकडा निघाला तर बोलू."

"मोजायचं लेझर यंत्र कुठाय?"

"मंगळवारी पेटीबंद करून बंगळुरूला गेलं."

"मागवा परत."

"मागवायला अर्ज लागतो, आणि अर्जात जिगचा नंबर लागतो." प्रभुण्यांनी संगणकात बघितलं. "जिग आजच सकाळी कागदावरून काढून टाकलाय, ताई. जो जिग नाहीच, तो मोजायचा अर्ज संगणक घेत नाही."

"नाहीच? मला इथून दिसतोय तो!"

"उद्या दुपारी गॅस कटरवाले येणार आहेत. त्या जागी स्टेज बांधायचंय."

"सर, तो कापला की वाकडा होता हे कधीच सिद्ध होणार नाही. तुम्ही म्हणाल, दराडेबाईच्या मनात आलं."

"मी नाही म्हणणार. वरचे म्हणतील." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि तुमचंही बघा. कंपनी तुमची प्रत आणखी तीन कारखान्यांना देणार आहे. तुम्हाला इथेच, सिन्नरला, सल्लागार म्हणून ठेवायचं जवळजवळ ठरलंय. घराजवळ, बसून काम. जरा शांतपणे घेतलंत तर..."

"मी शांतच आहे," हेमलता इतक्या जोरात म्हणाली की बाहेरच्या शिपायाने दार उघडून बघितलं.

घरी आल्यावर तिने उत्तमरावांना विचारलं, "दुकानात बारीक तार आहे का? पंधरावीस मीटर, सलग."

"तांब्याची हवी तेवढी. कशाला?"

तिने सांगितलं. लेझर येण्याआधीच्या काळात जुने लोक जिग तारेने मोजायचे. एका टोकाला तार बांधायची, दुसऱ्या टोकाला वजन लटकवून ताणायची, आणि ताणलेल्या तारेपासून लोखंड किती लांब आहे ते जागोजागी बघायचं.

उत्तमरावांनी ताटातली भाजी संपवली, हात धुतले.

"हे बोललीस तर सल्लागाराचं गेलं?"

"गेलंच समजा."

"आणि ती अकरा विमानं कोण दुरुस्त करणार?"

हेमलता ताटं उचलायला लागली.

"तूच जाणार. आसामला." ते उठले. "सव्वीस वर्षं झाली लग्नाला. सकाळची शिफ्ट, दुपारची शिफ्ट. म्हटलं, लाइन बंद झाली की निदान दोघं बसून चहा पिऊ. लाइन बंद झाली तरी तू नाहीसच."

"अहो, मी अजून कुठे गेलेय?"

त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर गेले. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा हातात पोलादी तारेचं वेटोळं होतं.

"तांब्याची ताणली की लांबते," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून आणली. पोलादाची आहे."

गुरुवारी सकाळी गेटवर नवीनच कटकट. कारखाना बंद होत असल्याने आठवडाभर कुठलंही सामान आत न्यायला बंदी होती. फक्त बाहेर न्यायला परवानगी. तार सामानात मोडते की नाही यावर दोन पहारेकऱ्यांमध्ये वाद लागला. हेमलताने गाडी परत रस्त्यावर नेली, डब्यातली चपाती खाऊन टाकली, रिकाम्या कप्प्यात वेटोळं घातलं आणि दुसऱ्या गेटने आत गेली.

क्रेन चालवणारे बोडके तिच्या मदतीला आले. सगळा कारखाना राष्ट्रगीताच्या तालमीला हँगरमध्ये गेला होता. दोघांनी मिळून जिगच्या उजव्या बाजूने तार ताणली, टोकाला लोखंडी ठोकळा लटकवला. तार मधे थोडी झोळते, पण ती दोन्ही बाजूंना सारखीच झोळणार. त्यामुळे उजवी आणि डावी यांतला फरक धरायचा. प्रत्येक सांध्यापाशी हेमलता पोलादी पट्ट्यांचं फीलर गेज फटीत सरकवून आकडा सांगायची, बोडके खडूने लोखंडावरच लिहायचे. उजवी बाजू संपली. तार डावीकडे घेतली. सव्वीसपर्यंत आकडे सारखे. सत्तावीसला फट वाढली. एकोणतीसला आणखी.

तीस नंबरवर असताना गॅस कटरवाले आले. चौघं होते, सिलिंडर ढकलत.

"ताई, उतरा. कापायचंय."

"दुपारी यायचं होतं ना?"

"स्टेजवाले घाई करतायत."

हेमलता जिगच्या दुसऱ्या मजल्यावर, एकतीस नंबरपाशी, लोखंडावर बसली. पाय खाली सोडले. "कापा. मी इथेच आहे."

त्यांच्या मुकादमाने फोन केला. समितीचा माणूस आला. मग सुरक्षा अधिकारी. मग प्रभुणे साहेब, कोटाला गुलाबाचं फूल लावलेले.

"दराडे मॅडम, उतरा खाली. प्लीज."

"सर, हा जिग कागदावर नाही म्हणालात ना? मग मी बसलेय तरी कशावर? या जागी काही नाहीच आहे. तुम्ही कुणाला उतरवताय?"

बोडके हसले आणि लगेच खोकले. प्रभुण्यांच्या मानेपर्यंत लाली चढली. क्षणभर वाटलं, ते सुरक्षारक्षकांना वर पाठवतील. पण लोखंडावर खडूने लिहिलेल्या आकड्यांकडे त्यांची नजर गेली. ते मूळचे कारागिरांतूनच वर आलेले होते. एक आकडा वाचला, दुसरा वाचला. कोट काढून मुकादमाच्या हातात दिला आणि शिडी चढून वर आले.

"गेज इकडे द्या."

एकतीसची फट त्यांनी स्वतः मोजली. पट्टी बदलून पुन्हा मोजली. मग उजवीकडे जाऊन तिथला खडूचा आकडा वाचला.

"एक पूर्णांक एक," ते म्हणाले. "एक पूर्णांक एक मिलिमीटर खाली. अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

"आणि तुम्ही हाताने भरून काढत होतात?"

"मीच. आणि नंतर विसरले. चूक माझीही आहे, ते मी लिहून देते."

प्रभुणे जिगच्या पायथ्याशी बसले. हँगरमधून राष्ट्रगीत ऐकू येत होतं. दोघंही आपोआप उभे राहिले, आणि संपेपर्यंत तसेच उभे. मग प्रभुणे म्हणाले, "सोमवारी कळवू या. शनिवारी एवढी माणसं येणार आहेत. भाषणात तुमच्या प्रतीचा उल्लेख आहे. दोनच दिवसांचा प्रश्न आहे."

"शनिवारी जी विमानं उडणार आहेत, ती सोमवारपर्यंत हवेत थांबणार आहेत का?"

हेमलताने शिंत्र्यांचा नंबर लावला आणि फोन कानाला लावला. दोनदा वाजला. प्रभुण्यांनी हात पुढे केला.

"इकडे द्या. हे कंपनीनेच सांगायला हवं." फोनवर त्यांचा आवाज कोरडा झाला होता. "शिंत्रे साहेब, मी प्रभुणे, उत्पादन प्रमुख. एकतीस नंबरच्या डाव्या सांध्याची दुरुस्ती झालेली सगळी विमानं तपासायला हवीत. लेखी पत्र आज संध्याकाळपर्यंत..."

पलीकडचा आवाज हेमलतालाही ऐकू आला. "पत्र येऊ दे सावकाश. विमानं मी आत्ता थांबवतो. दोन तर धावपट्टीवर निघालीत, ठेवा फोन."

शनिवारी समारंभ झाला. हार घातला गेला. शिडीवर साडी नेसून दुसरीच कुणी चढली. पाहुण्यांच्या भाषणातून प्रतीचं वाक्य काढायला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते आलंच, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकशे चौसष्टावं वृषभ धूळ उडवत माळावरून वर गेलं. हेमलता मागच्या रांगेत उभी होती. विमान ठिपक्याएवढं होईपर्यंत तिने बघितलं आणि मग कामगारांच्या कँटीनमध्ये जाऊन एकटीच चहा प्यायली.

मंगळवारी आसामातून निकाल आला. अकरांपैकी तीन विमानांच्या एकतीस नंबरमध्ये चिरा सापडल्या होत्या. सगळ्यांत लांब चौदा मिलिमीटरची, आत, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही अशी. ते विमान गुरुवारी नव्वद जवानांना घेऊन निघालं होतं. धावपट्टीवरून वळवून परत आणलं होतं.

हेमलताने कागद वाचला. मग नव्वदचा आकडा पुन्हा वाचला.

पुढचं व्हायला नको होतं तसंच झालं. एक चौकशी समिती बसली, तिने दुसरी नेमली. तीन कारखान्यांचा करार बारगळला. सिन्नरचं सल्लागारपद पुन्हा कुणाच्या तोंडी आलं नाही. प्रत तयार करणारी मुलं बंगळुरूहून आली. तीन दिवस त्यांनी हेमलताला शंभर प्रश्न विचारले.

"तेवढं एक दाबणं काढून टाका ना," ती म्हणाली.

"मॅडम, ती काही कपाटासारखी नाही की एक खण रिकामा केला. एकतीसचं दाबणं आत बत्तिसात आहे, तेहतिसात आहे, तुमच्या सगळ्या हातातच आहे. एक धागा ओढला की बाकीचं सैल पडतं. काल काढून बघितलं, तर ती उजवीकडे दाबायला लागली."

"मग?"

"पुन्हा शिकवावी लागेल. सरळ सांगाड्यावर. तुमच्या हाताने. आणि नवीन विमानं तर आता बनत नाहीत, म्हणजे दुरुस्तीच्याच विमानांवर."

म्हणजे आसाम. उत्तमरावांनी सांगितलं होतं तसंच.

तिने दोन अटी घातल्या. हातमोजे घालीन, पण बाजूला शिंत्र्यांची आठ माणसं उभी राहतील आणि तीही शिकतील. यंत्र एकटं शिकणार नाही. आणि प्रत्येक हालचालीला कुणीतरी कारण विचारेल. दुसरी अट घातल्याचा तिला पहिल्याच दिवशी पश्चात्ताप झाला.

"ताई, अंगठा तिरका का?"

"ताई, इथं फुंकर का मारली?"

"ताई, हे रिव्हेट दोनदा का बघितलं?"

"अरे, काम करू द्याल की नाही?" ती कावून म्हणायची. पण मग थांबायची आणि शोधायची. अर्ध्या गोष्टींची कारणं सापडायची. बाकीच्यांच्या पुढे शिंत्रे जाड अक्षरांत लिहायचे: माहीत नाही. ते लिहिलेलं बघताना पहिला महिनाभर तिला अपमान झाल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या महिन्यात ती स्वतःच म्हणायला लागली, "लिहा, माहीत नाही. करून बघू, न करता बघू."

उत्तमराव रोज फोन करायचे आणि रोज भांडायचे. तिसऱ्या महिन्यात फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच तळाच्या फाटकाशी उभे राहिले, हातात दोन पिशव्या.

"दुकान?"

"पुतण्याला दिलं. टॅबवर तुझी प्रत बंद केली कंपनीने. पंपाचं विचारायचं कुणाला?" त्यांनी पिशवी पुढे केली. "चहा आणलाय. इथला जमेल की नाही, म्हटलं."

अकरावं विमान सातव्या महिन्यात दुरुस्त झालं. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीत काम करणाऱ्यांपैकी एकाने बसून जायचं, असा त्या तळाचा रिवाज होता. शिंत्र्यांनी हेमलताचं नाव लिहून टाकलं. ती नको नको म्हणत राहिली. शिरस्ता म्हणजे शिरस्ता, शिंत्रे म्हणाले, सही करा.

विमान डोंगरातल्या एका धावपट्टीवर निघालं होतं. तिकडचा रस्ता दरडीखाली गेला होता. पोटात तांदळाची पोती, एक जनरेटर आणि औषधांची खोकी. हेमलता भिंतीलगतच्या जाळीच्या बाकावर बसली. पंखे सुरू झाले, सगळं अंग थरथरायला लागलं, आणि तिने डावीकडच्या भिंतीवर तळवा टेकवला. टेकवला फक्त. उड्डाणभर ती ऐकत राहिली. कुठे काही बारीक वाजतंय का, कुठला पत्रा हलतोय का. माल सांभाळणारा जवान दोनदा येऊन म्हणाला, हात काढा, कुठे अडकेल. तिने काढला आणि तो गेल्यावर पुन्हा ठेवला.

पट्टीवर उतरताना विमान इतकं आपटलं की तिचे दात वाजले. मागचं दार उघडलं. बाहेर थंडी होती, ढग जमिनीला टेकलेले, आणि दोनशे-अडीचशे माणसं रांगेत उभी. त्यांनी पोती उतरवली. हातांची साखळी करून, न बोलता, तासाभरात पोट रिकामं केलं. मग चार आजारी माणसं आणि एक दिवस भरलेली बाई परतीसाठी चढली. बाई हेमलताच्या शेजारी बसली. तिला पट्टा लावता येईना. पोटाच्या वरून घ्यावा की खालून, तेच कळेना.

"खालून," हेमलता म्हणाली आणि पट्टा ओढून बसवून दिला.

पंखे पुन्हा सुरू झाले. बाईने घाबरून तिचा दंड धरला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "दीदी, तुम्हीही पहिल्यांदाच बसताय का यात?"

"बसायला पहिल्यांदाच," हेमलता म्हणाली. बाईची बोटं चांगलीच रुतत होती, पण तिने दंड सोडवून घेतला नाही.